उंदरीण आणि तापट ड्रायर

उन्हानं धुक्याच्या गावाकडे पाठ फिरवली, तेव्हाची गोष्ट. तिथल्या लॉजवर कपडे सुकवणारा ड्रायर मोठ्या तोऱ्यात असे. त्याच्या जाळीवर साचलेला कपड्यांचा कापूस एक उंदरीण पिलांच्या गादीसाठी रोज पळवायची.

"चोरटी कुठली! पुन्हा दिसलीस तर बघ!" ड्रायरनं तिला हाकलून लावलं.

आठवडाभरात तो इतका तापू लागला, की चादरी करपल्या. लॉजवाले त्याला भंगारात काढायचं बोलू लागले.

"अंगाची नुसती आग होतेय गं," तो बाजूच्या इस्त्रीपाशी कण्हला.

"तापणं हा काय आजार आहे?" इस्त्री फणकारली.

शेजारचं वॉशिंग मशीन म्हणालं, "अरे, जाळी कापसानं गच्च भरलीय. वारा जाणार कुठून?"

 ड्रायर उंदरिणीच्या बिळाकडे बघत हळूच म्हणाला, "उंदरीणबाई, चोरीला कधी येताय?"