वेणुकेच्या फळीवरचे नवस

फार पूर्वी शंखपूर नगरात राजा महाबल राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्माला आले होते. त्यांच्या हाताला गुण होता, पण अंगी बढाई नव्हती. ज्याला बरं करता येईल त्याला ते बरं करीत, ज्याला करता येत नसे त्याच्या उशाशी बसत. या दुसऱ्या कामाने कुणाचं नाव होत नाही, म्हणून ते करायला फारसं कुणी पुढे येत नसे.

त्या नगराच्या कुंभारवाड्यात सुभगा नावाची बाई राहायची. नवरा नंदक आणि आठ वर्षांची एकुलती लेक वेणुका, एवढाच संसार. वेणुकेच्या पोटात गाठ झाली होती. दोन वर्षं सुभगेने पदर खोचून त्या गाठीशी भांडण मांडलं होतं. आंबट बंद, गोड बंद, वारा बंद, ऊन बंद. कुणी सांगितलं म्हणून पोटावर डागही देऊन झाले. काढा तर असा की त्याच्या वासाने शेजारचं मांजर वाट बदलायचं. पोर रडायला लागली की नंदक समजूत घालायचा, "बरी झालीस की चिंच देईन. बरी झालीस की नदीवर नेईन."

कुंभारवाड्यातली एक रीत सांगायला हवी. तिथे देवाला किंवा लेकराला नवस बोलला की त्याची मातीची इवलीशी वस्तू करून फळीवर ठेवत. नवस फिटला म्हणजे ती आव्यात भाजायची, तोवर कच्चीच राहायची. नंदकाच्या फळीवर अशा अकरा वस्तू जमल्या होत्या. चिंच होती, होडी होती, ढोल होता, गाढव होतं, अगदी टोकाला लग्नाची पालखीसुद्धा होती. सगळ्या कच्च्या.

बोधिसत्त्वांनी वेणुकेला तपासलं आणि अंगणात येऊन सांगितलं, "बाई, ही बरी होणार नाही. दोन-तीन महिने आहेत."

सुभगा संतापली. "मग तुमचा उपयोग काय?"

"तिला दुखू न देण्याइतका आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "चाटण देतो, त्याने पोट शांत राहील. डाग आणि काढे थांबवा. तिला काय हवंय ते विचारा."

"म्हणजे मी हात टेकायचे? आईने?"

बोधिसत्त्वांनी वाद घातला नाही. ते रोज येत, चाटण देत, वेणुकेच्या गप्पा ऐकत. सुभगा मात्र काढ्यावर अडून राहिली. वाटायचं, आपण पथ्य सोडलं की आपणच पोरीला सोडलं.

चार दिवसांत दुखणं हटलं आणि वेणुकेला विचार करायला फुरसत मिळाली. आई काढ्याची वाटी घेऊन आली तेव्हा ती म्हणाली, "आई, मी बरी होणार नाही ना?"

सुभगेच्या ओठांवर 'बरी होशील' हे नेहमीचं वाक्य आलं होतं. ते तिने गिळलं. "नाही गं बाळा," ती म्हणाली.

वेणुकेने फळीकडे पाहिलं. "मग चिंच आत्ताच दे."

सुभगेला एकदम रडूही आलं आणि हसूही. तिने काढा अंगणात ओतला आणि शेजारणीकडे चिंच मागायला गेली.

मग काय विचारता! नदी झाली, होडी झाली. ढोल असा बडवला की शेजारी हात जोडून आले. गाढवाची पाळी आली तेव्हा मात्र सुभगेने कपाळाला हात लावला. "अगं, गाढवावर बसवून चोराची धिंड काढतात."

"चोराचं तोंड काळं करतात. मी नुसतं काजळ घालेन," वेणुका म्हणाली.

काजळ घालून, गळ्यात झेंडूची माळ मिरवत स्वारी बाजारातून निघाली. पुढे दोर धरून सुभगा, मागे पळसाच्या पानांची छत्री धरून बोधिसत्त्व. तेवढ्यात राजदूत धावत आला. राजाला अजीर्ण झालं होतं. वैद्यांनी याच पावली येऊन राजवाड्यातच राहावं, त्यांना राजवैद्य केलं आहे, असा निरोप होता.

"महाराजांना दोन वेळा उपाशी ठेवा," बोधिसत्त्व म्हणाले. "मला इथलं काम आहे."

ते पद दुसऱ्याला मिळालं. बोधिसत्त्वांनी छत्री जरा उन्हाच्या बाजूला कलती केली.

दर आव्यातून एक-दोन नवस पक्के होऊन निघत होते. शेवटी पालखी उरली. वेणुका म्हणाली, "बाबा, ही भिजवून टाका. मला लग्न करायचंच नव्हतं." नंदक आव्याच्या मागे जाऊन पोटभर रडला. मग परत येऊन त्याने पालखी भिजवली. त्या मातीचं वेणुकेने बापाच्या मांडीवर बसून चाकावर एक वाकडं बोळकं केलं आणि ते आपल्याला फार छान जमलं असं सगळ्यांकडून वदवून घेतलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, कोवळ्या उन्हात, आईच्या मांडीवर वेणुका गेली. तिला दुखलं नाही. सुभगा आणि नंदक धाय मोकलून रडले. बोधिसत्त्व शेजारी बसून राहिले, "रडू नका" असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

शेजारीण हळहळली, "एवढं करून हाती काय लागलं गं?"

"दोन वर्षं मी रोगी सांभाळला," सुभगा म्हणाली. "हे तीन महिने मला माझी पोरगी मिळाली."

पुढे बोधिसत्त्व अशा घरी निघाले की तीही बरोबर जाऊ लागली.

ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा नंदक म्हणजे आज विहाराच्या दारी पाणी भरणारा हा उपासक. सुभगा म्हणजे आजाऱ्यांची सेवा करणारी ही भिक्षुणी. तो वैद्य मीच होतो."

"आणि वेणुका?" एका भिक्षूने विचारलं.

शास्त्यांनी हसून पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथे नव्वदी ओलांडलेली एक पणजी, दोन पणतवंडं कुशीत घेऊन, खुशाल घोरत होती.

"निजू द्या तिला," शास्ता म्हणाले. "बरं करता येत नाही तिथेही जी उशाशी बसून राहते, ती करुणा."