भिंतीबाहेरची पणती

गावोगाव फिरणारे ख्रिस्ती साधू शांतवनबाबा त्या वर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी बोरटाकळीला आले आणि प्रार्थनामंदिराच्या ओसरीत उतरले. खांद्यावर घोंगडी, काखेत शुभवर्तमान. सामान म्हणाल तर एवढंच. बाबा आले की बोरटाकळीच्या ख्रिस्ती मंडळीत भाविकता एकदम वाढत असे. एरवी प्रार्थनेला डुलक्या काढणारे पहिल्या रांगेत येऊन बसत आणि बाबांचं आपल्याकडे लक्ष आहे ना, हे डोळे किलकिले करून तपासत. बाबांचं लक्ष असे. बाबा बोलत मात्र नसत.

या मंडळीची एक जुनी रीत होती. पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, दिवस उगवायच्या आत सगळे दफनभूमीत जमत. प्रत्येक कबरीवर पणती लागे. मग घरातला वडीलधारा आपल्या गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घेई आणि सारी मंडळी एका आवाजात म्हणे, "उठेल!" ज्याच्यामागे नाव घेणारं कुणी उरलं नसेल, त्याचं नाव मंडळीचे पंच घेत. कुणी सुटू नये म्हणून इतकी चोख व्यवस्था होती. तरी एक जण दरवर्षी सुटत होता.

तो थोमा मकासरे. थोमाने आपला जीव आपल्या हाताने संपवला होता. त्याची कबर भिंतीबाहेर होती.

त्या भिंतीबद्दलही सांगितलं पाहिजे. थोमाला मूठमाती दिली तेव्हा भिंत नव्हतीच. ती मागाहून पंच शलमोन मास्तर पाथरे यांनी पुढाकार घेऊन बांधवली. तीन बाजूंनी अगदी सरळ. चौथ्या बाजूला मात्र थोमाच्या कबरीपाशी येऊन ती एकाएकी आत वळते, कबरीला वळसा घालते आणि पुढे जाऊन पुन्हा शहाण्यासारखी सरळ होते. आधीपासून सरळच नेली असती तर कबर आत आली असती, वर दगडही कमी लागले असते. पण एखाद्याला बाहेर ठेवायचं असलं की माणूस काटकसर विसरतो!

थोमाची बायको रिबकाबाई. ईस्टरच्या आधी सगळी दफनभूमी झाडून काढायची ती हीच. पहाटे ती भिंतीबाहेर आपली पणती लावी आणि तोंडाशी पदर धरून उभी राही. नवऱ्याचं नाव तिने उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. पंचांनी घ्यायचं, तर ते घेत नसत. आतून एकेका नावामागे "उठेल!" ऐकू येई, आणि सगळं आटोपलं की ती सगळ्यांच्या मागून, खाली मान घालून घरी जाई.

शनिवारी सांजेला ओसरीत बाबांभोवती बरीच माणसं बसली होती. रिबकाबाई पायरीशी आली. धीर करून म्हणाली, "मास्तर, उद्या यांचं नाव घ्याल का? एकदाच."

शलमोन मास्तरांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. "हे बघ रिबका, देवाने बोलावल्यावर जी माणसं गेली, त्यांची नावं आपण घेतो. तुझा नवरा न बोलावताच गेला. आमंत्रण नसताना पंगतीला बसायचं, आणि वर आम्हीच त्याच्या नावाने पान मांडायचं?"

दोघंतिघं हसले. मास्तरांना हुरूप आला. "तू बाहेर पणती लावतेस, तर आम्ही कधी हरकत घेतली का? लाव बापडी. तेल तुझं, वात तुझी."

आता सगळेच हसले. बाबांच्या समोर हसतोय, याचं भान एकालाही राहिलं नाही.

रिबकाबाईचा चेहरा काळवंडला. "मग उद्यापासून मी यायची न्हाई, मास्तर," ती म्हणाली. "मंदिरातबी न्हाई न् तिथंबी न्हाई. ज्याला उठायचंच न्हाई, त्याच्यासाठी पहाटं उठून मी तरी काय करू?"

हसू थांबलं. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा एवढंच म्हणाले, "उद्याचा दिवस ये, बाई. पुढचं पुढे ठरव."

रविवारी पहाटे मंडळी फाटकातून आत शिरली. बाबा मात्र फाटकावरून पुढे गेले, भिंतीला वळसा घातला आणि थोमाच्या कबरीशेजारी मातीत जाऊन बसले. रिबकाबाई आली होती; नेहमीसारखी पणती लावून, तोंडाशी पदर धरून उभी होती.

"बाबा, अहो तिकडे कुठे?" मास्तर आतून ओरडले. "आपली बसायची सोय इकडे केलीय!"

"प्रभूलाही वेशीबाहेरच क्रुसावर दिलं, तिथेच थडग्यात ठेवलं, मास्तर. त्याला भेटायला आलोय, तर बाहेरूनच सुरुवात करतो."

मास्तरांना हे झोंबलं. त्यांनी आपल्या वडिलांच्या कबरीवरची पणती पेटवली, नाव घ्यायला छाती भरून घेतली, आणि वारा सुटला. असा वारा की उपरणी उडाली, पदर उडाले. आतल्या साऱ्या पणत्या पटापट विझल्या. काड्यांमागून काड्या ओढल्या. एक टिकेल तर शपथ!

आणि भिंतीबाहेर थोमाच्या कबरीवरची ज्योत ताठ उभी होती.

"आडोसा आहे तिला भिंतीचा," कुणीतरी म्हणालं. पण वारा मोकळ्या रानाकडूनच येत होता. बाबांच्या खांद्यावरची घोंगडी फडफडत होती, आणि हातभरावरची ज्योत हलत नव्हती.

पूर्वेला तांबडं फुटू लागलं. एकही नाव घेऊन झालं नव्हतं. मास्तर पणती घेऊन बाहेर आले, रिबकाबाईला न विचारता वाकले, वात पेटवून घेतली आणि ओंजळीत धरून निघाले. फाटकात पाऊल टाकलं, आणि विझली. पुन्हा आले, पेटवली. पुन्हा फाटकातच विझली. दुसऱ्या कुणी नेली तरी तेच. आता कुणी हसत नव्हतं.

बाबा म्हणाले, "मास्तर, ज्याच्या दारचा उजेड न्यायला येता, त्याला हाक तरी मारा."

मास्तर विझलेली वात चिमटीत सारखी करू लागले.

"आपले आजेपणजे कुठे राहत होते हो?"

"वेशीबाहेर," मास्तर पुटपुटले.

"गावाने आत घेतलं नाही. मग घेतलं कुणी?"

"ख्रिस्ताने."

"आणि आपल्या हातात दगड आले, तेव्हा आपण काय बांधलं?"

मास्तरांनी हातातली पणती खाली मातीत ठेवली. आणि जे इतकी वर्षं कुणापाशी बोलले नव्हते तेच तोंडून गेलं. "बाबा, भिंत मी त्याच्यासाठी नाही वळवली. माझ्यासाठी वळवली. तो आदल्या संध्याकाळी माझ्या दारात आला होता. काहीतरी बोलायचंय म्हणाला. मी आतच होतो. पोरीला म्हटलं, मास्तर घरी नाहीत म्हणून सांग. इथे आलो की त्याची कबर नजरेला पडू नये, म्हणून…"

तेव्हा रिबकाबाई, मान वर न करता, हळूच म्हणाली, "हे म्हणले होते मला, मास्तर. घरी न्हाईत म्हणत्यात, पण चपला तर दारातच होत्या."

इतकी वर्षं ही बाई जाणत होती! इतकी वर्षं ती मास्तरांच्या वडिलांची कबर झाडत होती, आणि तिने ब्र काढला नव्हता. भाविकहो, मास्तरांवर त्या घटकेला आभाळ कोसळतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

ते कबरीकडे वळले. "थोमा," ते पुटपुटले. मग सारं बळ एकवटून ते ओरडले, "थोमा मकासरे!"

भिंतीच्या आतून मंडळीचा आवाज आला, "उठेल!"

सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, मागाहून, एकटीचा आवाज आला. पदर तोंडावरून खाली आला होता.

"उठेल."

मास्तरांनी पुन्हा पणती पेटवली आणि चालू लागले. वारा तसाच होता. ज्योत फाटकातून आत गेली, वडिलांच्या कबरीवर गेली, तिथून शेजारच्या, तिथून पुढच्या. सूर्य वर यायच्या आत सगळी दफनभूमी उजळली आणि सगळी नावं घेऊन झाली.

मास्तर परत आले ते थेट बाबांच्या पायांवर पडायला वाकले. बाबांनी पाय मागे घेतले आणि बाजूला सरकले. समोर रिबकाबाई उभी होती. मास्तर तिथेच गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी मातीला कपाळ टेकवलं.

रिबकाबाई गडबडून मागे झाली. "अवो मास्तर, उठा. लोकं बघत्यात."

"बघू द्या, बाई," मास्तर खालूनच म्हणाले. "बघू द्या त्यांना."