वालाच्या पिशव्या

"पण बाई, सगळ्या पिशव्यांत एकच वाण असेल, तर तो इतक्या वेळा सांभाळायचा कशाला?"

अभिरामने हे विचारलं ते शीतगृहाच्या दारात. बियाणं जपायच्या त्या थंड खोलीतून त्याने वालाच्या पिशव्या बाहेर काढल्या होत्या. सबनीस बाईंनी कोकणातल्या गावागावांत स्वतः फिरून आणलेलं ते बियाणं. एक पिशवी ठेवायची, बाकीच्या जाळायच्या, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. विचारणं नावापुरतं.

बाई संतापल्या होत्या. आवाज मात्र चढला नाही.

"एकच वाण, हे कोणी सांगितलं?"

"डीएनएनं. प्रत्येक पिशवीतला एक दाणा रुजवला, पानातून डीएनए काढला, मार्कर लावून पाहिले. सगळ्यांच्या खुणा सारख्या. काडीचाही फरक नाही."

"यंत्र चुकलं असेल."

"दोनदा तपासलंय, बाई. डोळ्यांनी वाण ओळखायचे दिवस गेले आता."

हे शेवटचं बोलायची काही गरज नव्हती. असल्या तोऱ्याचा राग यावा तेवढा थोडा.

बाईंनी एक पिशवी उचलली. तिचं तोंड फाडलं आणि ती दाराजवळच्या टेबलावर उपडी केली.

दाणे टेबलभर घरंगळले. पांढरे, तांबडे, काळपट, ठिपक्याठिपक्यांचे.

"यातला कुठला रुजवलास? दाखव."

अभिरामने बोट ठेवलं. टपोरा, पांढरा दाणा.

बाईंनी दुसरी पिशवी फाडली.

"यातला?"

टपोरा, पांढरा.

तिसरी फाडली. त्याचं बोट पुढे झालं... आणि मध्येच थांबलं.

"थांबलास का? दाखव."

"हाच... असाच."

"प्रत्येक पिशवीत?"

"चांगले दिसले, बाई. हमखास रुजतील असं वाटलं."

"आणि जे चांगले दिसले नाहीत, ते जाळायला निघालास."

अभिरामचे कान लाल झाले.

तो सांडलेले दाणे गोळा करू लागला. एक तांबडा जमिनीवर पडला होता, तोही वाकून उचलला.

"पुन्हा करतो. सगळं पहिल्यापासून."

बाईंनी फाटक्या पिशव्या त्याच्यापुढे सरकवल्या.

"बाई... या वेळी कुठले दाणे घेऊ?"

बाईंनी चौथी पिशवी फाडून त्याच्यापुढे आदळली.

"डोळे मिट. मग घे."