गप्प बसलेली एअरबॅग

गाड्यांचे भाग आपसात बोलत, तेव्हाची ही गोष्ट. द्रुपदाक्काच्या गाडीत एक एअरबॅग घडी घालून बसलेली असे. धडक बसली की फुगायचं आणि अक्काला झेलायचं, एवढंच तिचं काम.

एकदा खड्ड्यात गाडी क्षणभर बंद पडली.

“कोण रे ते?” एअरबॅग दचकली.

“मी,” किल्लीचा स्विच म्हणाला. “माझी स्प्रिंग ढिली झालीय. अक्कानं राखणीला म्हणून किल्लीला खंडोबाचा पितळी घोडा अडकवलाय, त्याच्या वजनानं मी ‘चालू’वरून ‘बंद’वर घसरतो. बोंबलू नकोस, नाहीतर मला काढून फेकतील.”

“मेल्या, तू घसरलास तर मला वीज कुठली?”

“गाडी चालतेय ना? मग गप की!”

अक्काच्या समोरचा लाल दिवा लावून तिला सांगता आलं असतं, पण शेजारधर्म आडवा आला. एअरबॅग गप्प बसली.

मग एका दुपारी घाटाच्या उतारावर स्विच पुन्हा घसरला आणि इंजिन विझलं. गाडी मात्र आवाज न करता धावतच राहिली. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, ब्रेक दबेना.

“थांब गं बाई, थांब!” अक्का गाडीला विनवत होती.

एअरबॅगनं सगळा जीव लावून फुगायला पाहिलं, पण घडी उलगडेना. गाडी कठड्यावर आदळल्याचा आवाज झाला. त्यानंतर अक्काचा आवाज आला नाही, आणि एअरबॅग आत तशीच घडीत जागी राहिली.