भिवाजीच्या गळ्यातली वीणा

त्या चैत्रात तुळशीनाथ महाराजांचा मुक्काम बोरवंडीला होता आणि मारुतीच्या देवळापुढे नामसप्ताह चालला होता. सप्ताह पूर्ण होईपर्यंत एकेकाने वीणा गळ्यात घेऊन उभ्याने पहारा करायचा, ती जमिनीला लागू द्यायची नाही, खांबाला टेकायचे नाही, हा बोरवंडीचा नेम. पहारा बदलताना वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडत. या नेमात बोरवंडीने कधी खंड पडू दिला नाही. एवढा अभिमान त्या गावाला शोभतो!

आदल्या वर्षी गावात तापाची साथ आली होती. सुपे-टोपल्या विणणाऱ्या भिवाजी बुरूडाची बायको त्यात गेली, आणि त्याच्या उजव्या पायातले बळही गेले. तेव्हापासून त्याच्या तोंडून देवाचे नाव निघाले नव्हते. तो मांडवाबाहेर चपलांपाशी बसून राही. महाराजांनी त्याला हाक मारली. म्हणाले, "भिवाजी, आज दुपारचा पहारा तुझा."

"महाराज, पाय धरत न्हाई. नावबी येत न्हाई तोंडात."

"नाव राहू दे. तू नुसता उभा राहा."

सप्ताहाचे यजमान रंगराव देशमुख मोठ्याने हसले. "अरे भिवा, ती वीणा आहे, सूप नव्हे! महाराज, हा पडला तर सप्ताह बुडेल. गावाची लाज जाईल."

"पडला तर दोष माझा," महाराज म्हणाले.

भिवाजी उभा राहिला. पाय लटपटत होता, ऊन तापले होते, तरी त्याने पहारा पुरा केला. पुढची पाळी रंगरावांची होती. ते आंघोळ करून, जरीचे उपरणे घेऊन आले आणि चार हातांवर थांबले.

"मी याच्या पाया पडायचं? आधी वीणा दुसऱ्या कुणाला द्या. मग मी घेतो."

"देवाच्या दारात असलं बोलू नये, देशमुख," एक म्हातारी म्हणाली. दोघेतिघे वीणा घ्यायला उठलेही. महाराजांनी हात वर करून त्यांना थांबवले.

"पाळी रंगरावांची आहे. ते घेईपर्यंत भिवाजी उभा राहील."

"बघू की, किती वेळ राहतो ते!" रंगराव म्हणाले.

थोड्याच वेळात भिवाजीचा गुडघा वाकला. वीणेचा भोपळा जमिनीपासून वीतभर राहिला. तेवढ्यात भिवाजीने वर्षभर गिळलेले रडे एका हाकेत बाहेर टाकले, "पांडुरंगा, धर रे मला!"

आणि वाकलेला गुडघा तिथेच थांबला. कुणीतरी कमरेला हात घालून उचलावे तसा तो सावकाश सरळ झाला. त्याच्याभोवती गार वारा सुटला. बाहेर मात्र झाडाचे पान हलत नव्हते. भिवाजी गाऊ लागला. काय तो आवाज! माझ्या लेखणीला तो पेलायचा नाही. सारा मांडव त्याच्या मागे नाम घेऊ लागला.

हे काय गौडबंगाल आहे, हे पाहायला रंगराव पुढे आले आणि तो गारवा त्यांच्या छातीला लागला. तापाच्या त्याच साथीत त्यांचा एकुलता मुलगाही गेला होता. चारचौघांत त्यांनी डोळ्याला पाणी येऊ दिले नव्हते. जाळ मात्र आत तसाच होता. आज तो निवला. ते भिवाजीच्या पायांवर कोसळले आणि लहान मुलासारखे रडले.

"भिवाजी, चुकलो रे! महाराज, मी आंधळा होतो."

"रडून घ्या, रंगराव," महाराज म्हणाले. "पांडुरंग तुमच्यासाठीच थांबला होता."

ते उठल्यावर भिवाजीने वीणा त्यांच्या गळ्यात घातली. मग उजवा पाय नीट दुमडून, नेमाप्रमाणे तोही देशमुखांच्या पाया पडला. उठताना हळूच म्हणाला, "देशमुख, भिऊ नका. पाय गळाले तर हाक मारा. त्यो हितंच हाय."