चिचुंद्रीचे बीळ आणि पोपटाची फुलबाग

एका शहरात, दोन उंच इमारतींच्या मधल्या खोलगट जागेत एक चिचुंद्री आपल्या चार पिल्लांना घेऊन राहत असे. पावसात रस्त्याचे, गच्च्यांचे सगळे पाणी धो धो तिथेच यायचे. पण तिथे वाळ्याचे आणि लव्हाळ्याचे दाट गवत होते. त्याच्या मुळांवाटे पाणी भराभर जमिनीत मुरायचे, आणि काठावरचे बीळ कोरडे राहायचे.

मुलांनो, उन्हाळ्यात हे गवत पिवळे पडते. मरत नाही बरं का, नुसते तसे दिसते! पण बंगल्यातल्या पिंजऱ्यातून सुटून आलेला एक पोपट काठावरच्या झाडाच्या ढोलीत राहायला आला, त्याला ते बघवेना. "शी, काय हे गबाळं! आमच्या बंगल्यात परदेशी फुलझाडं होती, लालभडक!"

"पोपटदादा, त्या गवतामुळे माझी पिल्लं कोरड्यात झोपतात हो," चिचुंद्री काकुळतीने म्हणाली.

"तू आधी लांब हो. वास येतो तुझा!"

पोपटाने शेजारच्या बिळातल्या घुशीला पेरूची लालूच दाखवली. घुशीने सगळे गवत मुळासकट उकरून काढले. पोपटाने बंगल्यातून फांद्या आणून तिथे लावल्या.

आषाढात पाऊस कोसळला. त्या झाडांची मुळे बोटभरसुद्धा नव्हती. पाणी तुंबले, फुले कुजली आणि लोंढा बिळात शिरला. चिचुंद्री पुढे, एकमेकांची शेपटी तोंडात धरून पिल्ले मागे, अशी ती बाहेर पडली. वळून बघते तर शेवटचे पिल्लू नाही! तिने परत पाण्यात उडी घेतली आणि गटांगळ्या खाणाऱ्या पिल्लाला मानेला धरून ओढून काढले.

"अगं, पाऊसच जास्त झाला यंदा," पोपट वरून म्हणाला.

चिचुंद्रीचे डोळे पेटले. "जास्त झाला? तुझ्या ढोलीत शिरला का? खाली ये, या पाण्यात उभा राहा, मग बोल!"

पोपट जागचा हलला नाही. घूस मात्र भिजून कुडकुडत पुढे आली. तिचेही बीळ बुडाले होते. "चुकलं गं माझं."

"तोंडाने नको सांगूस. नाल्याकाठचा वाळा उकरून आण, आणि लाव होता तिथे!"

घूस कामाला लागली तसा पोपट कळवळला, "निदान एक तरी लाल झाड राहू दे."

"राहू दे की! तुझ्या ढोलीत लाव. पाणी तुंबलं की तूच नीज त्यात!"

तात्पर्य : ज्याच्या घरात पाणी शिरणार, त्याला विचारल्याशिवाय मातीतले जुने गवत उपटू नये; आणि फांदीवर बसणाऱ्याने तर मुळीच उपटू नये.