धाकटीचं गार पाणी

माणसांनी नदीला घाट बांधले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. पंख फुटेपर्यंत पाण्यातच वाढणाऱ्या चतुर किड्यांच्या जातीतल्या दोन बहिणी तिथं राहायच्या. थोरली उन्हातल्या खडकाखाली, तर धाकटी जांभळाच्या सावलीत, गारठ्यात.

फाल्गुनात ऊन तापलं आणि थोरलीचं खाणं सुटलं. "माझी वेळ झाली गं," म्हणत ती लव्हाळ्याच्या पातीवर चढली, कात टाकली आणि उडून गेली.

धाकटीनं रडून गोंधळ घातला. "मीपण आत्ताच जाणार!" ती लव्हाळ्याकडे धावली, तसा खेकडीण मावशीनं तिचा पाय नांगीत धरला.

"भूक लागते का तुला?"

"हो, खूप."

"मग पंख कच्चे आहेत, बाळा. आत्ता वर गेलीस तर ते उघडायचेच नाहीत. तुझं पाणी गार, तुला उशीर होणारच."

"पण ताई थांबली नाही ना माझ्यासाठी!"

मावशीनं तिला हळूच मागे ओढलं. रोज सकाळी ती भुकेचं तेवढं विचारायची, आणि धाकटी रागारागानं किडे मटकावायची.

वैशाखात एके सकाळी धाकटीला घास नकोसा झाला. मावशीनं वाट सोडली. धाकटी चढू लागली, पण पात गुळगुळीत. पाय निसटत होते आणि खालून पाणी ओढत होतं. तेवढ्यात पायाला काहीतरी खरखरीत लागलं. थोरलीची रिकामी कात होती ती, पातीला अजून घट्ट धरून बसलेली.

"थांबलीस होय गं," धाकटी म्हणाली. तिनं कातीला मिठी मारली आणि पंखांसाठी धाकटीची पाठ हळूहळू उकलू लागली.